मास्तर, मिस्त्री आणि गंजलेली ट्रॉली

"नीट शिक, नाहीतर गॅरेजमध्ये घालीन." आमच्याकडच्या बहुतेक मोहल्ल्यांत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. अब्बा म्हणतात, मामू म्हणतात, काही शिक्षकही भर वर्गात म्हणतात. या धमकीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, गॅरेज ही शिक्षा आहे. दोन, तिथे डोकं लागत नाही, नुसते हात काळे होतात. पहिल्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, त्याबद्दल पुढे बोलेन. दुसरी गोष्ट मात्र साफ खोटी आहे. ती किती खोटी आहे हे सांगायला मला कुठल्या मोठ्या कारखान्याचं उदाहरण नको, ट्रॅक्टरची एक जुनी ट्रॉली पुरेशी आहे.

ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला ट्रॉली म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पावसाळा सरत आला की वेल्डिंगच्या दुकानांपुढे त्यांची रांग लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होणार, त्याआधी सगळ्यांना आपापली ट्रॉली 'तयार' करून हवी असते. यातल्या कित्येक ट्रॉल्या पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या. ऊस, शेणखत, वाळू, विटा, रासायनिक खताची पोती, सगळं त्यांनी वाहिलेलं. तळाचा पत्रा चाळणीसारखा झालेला, फाळक्यांच्या बिजागऱ्या झिजलेल्या, मागचे दिवे कधी फुटले ते मालकालाही आठवत नाही. मालक म्हणतो, "जरा ठिगळं मारा आणि रंग द्या." चांगला मिस्त्री इथेच नाही म्हणतो. आमच्याकडचे एक बुजुर्ग मिस्त्री गिऱ्हाइकाला दखनीत ऐकवतात, "गंज रंग के नीचे छुपता, मरता नै."

हे विज्ञान आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, आणि क्षार मिळाले की तो जोरात चढतो. खताची ट्रॉली मातीच्या ट्रॉलीपेक्षा लवकर का सडते, याचं उत्तर या एका ओळीत आहे. पत्रा जिथे चॅनलवर बसतो त्या सांध्यात ओली माती अडकून राहते, म्हणून गंज मध्यावर नाही, कडेला आणि कोपऱ्यात आधी खातो. मिस्त्री हे रासायनिक समीकरणात लिहून दाखवणार नाही. पण तो ट्रॉली पाण्याने धुऊन रिकामी उभी करतो, हातोडी घेतो आणि ठोकत ठोकत जातो. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. वरून रंग शाबूत दिसतो तिथेच कधी कधी हातोडी आत जाते. या तपासणीवर सगळा निकाल ठरतो. तळाचा पत्रा बदलता येतो, फाळके बदलता येतात, आडवे पट्टेही बदलता येतात. पण लांबीतले मुख्य चॅनलच खाल्ले गेले असतील, तर प्रामाणिक मिस्त्री सांगतो की हिला भंगारात द्या आणि एक्सल-चाकं काढून ठेवा. जुनं ते सगळं वाचवायचं, असा दुरुस्तीचा अर्थ होत नाही. काय वाचवायचं आणि काय सोडायचं हे ओळखणं हाच तिचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा भूमितीचा. वर्षानुवर्षं ओझं वाहून सांगाडा तिरका झालेला असतो. डोळ्यांना तो चौकोनी दिसतो, असतो मात्र समांतरभुज. मिस्त्री टेप घेतो आणि दोन्ही कर्ण मोजतो. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद सांगाडा बरोबर काटकोनात असेल, तर प्रत्येक कर्ण साधारण ११ फूट ८ इंच यायला हवा. एक कर्ण बारा फुटांकडे आणि दुसरा सव्वाअकराकडे गेला, की सांगाडा ओढून सरळ केल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही. मग तो दांडीच्या हुकापासून एक्सलच्या दोन्ही टोकांचं अंतर मोजतो. दोन्ही अंतरं सारखी हवीत. नसतील तर ट्रॉली खेकड्यासारखी तिरकी चालते आणि टायर एका बाजूने झिजतात. समद्विभुज त्रिकोण आम्ही फळ्यावर शिकवतो. तो त्रिकोण टायरचे पैसे वाचवतो, हे मुलांना कोणी सांगत नाही.

तिसरा धडा धीराचा. दांडी किंवा चॅनल तडकलेला असेल, तर तडीवर नुसती वेल्डिंगची रेघ ओढून भागत नाही. ट्रॉलीला हिसके बसतात आणि तडा पुढे सरकत जातो. म्हणून आधी तडा संपतो त्या टोकाला छोटं भोक पाडायचं, म्हणजे तो तिथेच थांबतो. मग ग्राइंडरने तडीची व्हीसारखी खाच करायची, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं आणि मग रॉड धरायचा. गंजावर, रंगावर किंवा ग्रीसवर केलेलं वेल्डिंग वरून छान दिसतं, आतून मात्र भोकाभोकांचं राहतं. वरून आधाराची पट्टी मारायची असेल तर तिची टोकं सरळ कापायची नाहीत, निमुळती ठेवायची, म्हणजे सगळा ताण एका उभ्या रेषेत येत नाही. तळाचा नवा पत्रा लावताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग केलं, तर उष्णतेने पत्रा पापडासारखा वाकतो. म्हणून इकडे दोन इंच, तिकडे दोन इंच, असे टाके घालत जायचं. आणि दांडीचं तोंड, जिथे ट्रॅक्टरची पिन बसते, ते झिजून मोठं झालं असेल तर तिथे ठिगळ मारायचंच नाही. तो भाग नवाच बसवायचा. रस्त्यात ट्रॉली सुटली तर ती कुणाच्या अंगावर जाईल हे सांगता येत नाही.

हबचं कामही असंच. चाक उचलून वर-खाली हलवायचं, खडखडलं की हब खोलायचं. जुनं ग्रीस डिझेलने धुऊन बेअरिंगचे रोळे उजेडात बघायचे. त्यांच्यावर खड्डे पडले असतील किंवा तापून निळसर झाले असतील तर ते बाद. नवं ग्रीस तळव्यावर घेऊन बेअरिंगमध्ये दाबून भरायचं, नट घट्ट करून पुन्हा किंचित सैल सोडायचा आणि स्प्लिट पिन नवी घालायची. हा 'किंचित' कुठल्या पुस्तकात नसतो, तो बोटांना कळतो. शेवटी रंग. गंज खरवडला त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे, कारण उघडं लोखंड एका दमट रात्रीत पुन्हा तांबूस होतं. आणि तळाच्या कोपऱ्यांत पाणी निघून जायला भोकं ठेवायची. हा दुरुस्तीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग.

एवढं सगळं ज्याला येतं त्याला आपण 'अनपढ' म्हणतो. माझं म्हणणं आहे की तो अनपढ नाही, त्याची पढाई आपल्या नोंदवहीत नाही एवढंच.

मी भाषा शिकवतो, म्हणून या कामातले शब्द मला फार बोलके वाटतात. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'वरून आला. गोव्यात सुताराला 'मेस्त' म्हणतात तो त्याचाच भाऊ. 'मास्तर' इंग्रजीतून आला. आणि या दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे, लॅटिन 'मागिस्तेर', म्हणजे शिकवणारा, जाणकार. म्हणजे शाळेतला मास्तर आणि दुकानातला मिस्त्री एकाच घराण्यातले. उर्दूत तर दोघांसाठी एकच शब्दही चालतो. गॅरेजमधला उस्ताद, शायरीतला उस्ताद आणि शाळेतला उस्ताद, तिघांनाही एकच हाक. शायरीत शागिर्दाचा शेर उस्ताद नीट करतो त्याला 'इस्लाह' म्हणतात. समाजसुधारणेलाही इस्लाह म्हणतात. आणि आजच्या अरबीत मोटार दुरुस्त करण्यालाही हाच शब्द चालतो. याच धातूपासून 'सुलह' येतो आणि 'सालेह' येतो, नेक माणूस, नेक अमल. 'दुरुस्त' फारसीतून मराठीत आला आणि इतका रुळला की तो बाहेरचा आहे असं कुणाला वाटतही नाही. ज्या भाषांनी बिघडलेली वस्तू, बिघडलेला शेर आणि बिघडलेला समाज नीट करायला एकच शब्द वापरला, त्या भाषा बोलणाऱ्यांनी दुरुस्ती करणाऱ्याला खालचा मानावं, हे मला पटत नाही.

दीनच्या बाजूनेही बघा. कुरआनात 'हदीद', म्हणजे लोखंड, या नावाची एक अख्खी सूरह आहे. सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.स.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख येतो आणि चिलखताच्या कड्या मापात जोडण्याचा हुकूम येतो. पैगंबर आणि बादशाह असलेल्या माणसाचं लोहारकाम, आणि तेही मापात! सहीह बुखारीतल्या हदीसचा आशय असा की स्वतःच्या हाताच्या कमाईपेक्षा चांगलं अन्न कुणी खाल्लं नाही, आणि तिथेही दाखला हजरत दाऊद यांचाच आहे. जुम्म्याच्या बयानात हे आपण ऐकतो. मग त्याच मशिदीतून बाहेर पडताना वेल्डरच्या मुलाचा रिश्ता आला की आपण 'लडका क्या करता?' विचारतो आणि उत्तर ऐकून चेहरा पाडतो. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याकडे गुनाह आहे. जी ट्रॉली अजून दहा वर्षं चालली असती ती न तपासता भंगारात घालणं, हाही इस्राफच.

आता गॅरेज ही शिक्षा आहे या पहिल्या गोष्टीकडे येतो. कारागिरीचे गोडवे गाऊन थांबणं हा लबाडपणा होईल. आपल्या दुकानांत बारा-तेरा वर्षांची पोरं आजही पाना उचलताना दिसतात. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवणंही गुन्हा आहे. घरच्या धंद्यात मुलाने शाळा सुटल्यावर मदत करण्याची सवलत आहे, पण तीही धोक्याच्या कामात नाही. "आमच्यात पिढ्यान्पिढ्या असंच शिकतात" हे उत्तर चालणार नाही. ज्याला कर्णाचं माप हाताने कळतं त्याला ते सूत्रानेही कळलं, तर तो दुसऱ्याच्या दुकानातला हेल्पर न राहता स्वतःचं दुकान काढेल. शाळा सोडून दुकानात गेलेलं पोर चांगला कारागीर होऊ शकतं, पण त्याला बिल लिहिता येत नाही, करार वाचता येत नाही, बँकेचा फॉर्म भरता येत नाही. मग तो आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दावर काम करतो.

डोळ्यांचं तर विचारूच नका. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे सुजतात, रात्रभर वाळू गेल्यासारखे चुरचुरतात, आणि हे तर चालायचंच असं म्हणून कच्च्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या जातात. काळ्या काचेचा मुखवटा आणि चामड्याचे हातमोजे ही चैनीची वस्तू नाही. एका दावतीत जेवढी बिर्याणी फेकली जाते तेवढ्या पैशांत हा सगळा सरंजाम येतो.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. मुस्लीम कामगारांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे, नियमित पगाराच्या नोकऱ्यांत कमी आहे, आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळायला अडचणी येतात, हे त्यात नोंदवलेलं आहे. त्यानंतर आपण भाषणं पुष्कळ केली. जवळजवळ प्रत्येक तालीमी जलशात सांगितलं की मुलांना डॉक्टर करा, इंजिनियर करा, अधिकारी करा. जरूर करा. पण जी मुलं दहावीनंतर हाताच्या कामाकडे जाणारच आहेत, त्यांच्यासाठी त्या मंचावरून एक वाक्य येत नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. ज्यांना काम आधीच येतं त्यांच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वी शिकलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केलेली आहे. वीस वर्षं ट्रॉल्या उभ्या करणाऱ्या माणसाच्या हातात एक कागद आला तर त्याच्या कामात फरक पडणार नाही, पण बँकेच्या टेबलावर त्याच्या बोलण्याला वजन येईल.

हे काही नवं दुखणं नाही आणि औषधही नवं नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण द्यायचं, या विचाराचा अभ्यासक्रम आखायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिल्लियाचे, पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झालेले. 'नई तालीम' या नावातला 'तालीम' हा शब्द आपला आहे आणि तिची मांडणी करणाऱ्यांत पुढे असलेला माणूसही आपला होता. २००२ मध्ये नाही, स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी, आपल्याच महाराष्ट्रातल्या वर्ध्यात हे घडलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच धागा पुन्हा उचलला आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावं, असं त्यात म्हटलं आहे. मला विचाराल तर त्या यादीत ट्रॉलीचा मिस्त्री आपण घालून घ्यावा. उर्दू शाळांना तर हे सोपं आहे. आमच्या बहुतेक शाळांच्या भिंतीला लागूनच कुणाचं ना कुणाचं दुकान असतं. मुलांनी तिथे वेल्डिंग करायचं नाही. त्यांनी मोजायचं, लिहायचं आणि विचारायचं. कर्ण मोजून वहीत मांडायचे, पत्र्याचं क्षेत्रफळ काढून खर्चाचा अंदाज करायचा, प्रत्येक भागाचं उर्दू आणि मराठी नाव टिपायचं. आणि मिस्त्रीला त्या तासाचं मानधन द्यायचं, कारण मास्तरला देतात.

एक गोष्ट ट्रॉलीच्या मालकांसाठी. कायद्याने ट्रॉली हे वाहन आहे, तिची नोंदणी लागते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून दुरुस्ती करताना फाळके फूटभर उंच करून घ्यायचा मोह आवरा. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, उतारावर सगळं ओझं ट्रॅक्टरला मागून ढकलतं. जेवढं ओझं वाढवाल तेवढी ती ढकल वाढते. आणि मागे लाल परावर्तक लावल्याशिवाय ट्रॉली दुकानातून हलवू नका. हंगामात रात्री उसाने भरलेली, दिवा नसलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते आणि मागून येणारा मोटारसायकलवाला तिच्यात घुसतो. दर हंगामात अशा बातम्या येतात. त्या मुलाचं नाव कधी आपल्यातलं असतं, कधी शेजारच्या वाडीतलं. उरूस, जत्रा, वऱ्हाड यांसाठी ट्रॉलीत माणसं भरणंही बंद करा. ट्रॉली मालासाठी बांधलेली असते. ती उलटली तर आतल्या माणसाला धरायलाही काही नसतं.

मिस्त्री लोकांनाही एक सांगायचं आहे. तुमचं काम लेखी ठेवा. कुठला भाग बदलला, काय वापरलं, किती घेतलं, याची पावती द्या. 'दांडी बदलायला सांगितलं, मालकाने नको म्हटलं' हेही त्या पावतीवर लिहा. आणि परावर्तकाशिवाय ट्रॉली देणार नाही असं दुकानावर पाटी लावून सांगा. गिऱ्हाईक कुरकुर करेल. डॉक्टरने औषध कडू दिलं तरी माणूस कुरकुरतोच, डॉक्टर काही औषध बदलत नाही.

आणि आपल्या जमातींच्या मंडळींना विनंती एवढीच की पुढच्या तालीमी जलशाच्या मंचावर एक खुर्ची मिस्त्रीसाठी ठेवा. सत्कार नको, हार नको, शालही नको. त्याला दहा मिनिटं बोलायला द्या आणि समोर आठवी-नववीची मुलं बसवा. कर्ण कसा मोजतात, तडा कुठे थांबवतात, कुठली ट्रॉली भंगारात काढायची हे तो सांगेल. मुलं ऐकतील. मग घरी गेल्यावर "नाहीतर गॅरेजमध्ये घालीन" असं कुणी म्हणालं, तर त्यातलं एखादं पोर विचारेल, "गॅरेजमें क्या बुरा है अब्बा? लेकिन पैले मेरेकू दसवी पास होने दो." मला असं पोर वर्गात हवं आहे.